पिवळ्या गाडीचं इंजिन आम्ही घरीच काढलं

वेतन आयोगाचा फरक हातात पडला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. कुणी फ्लॅट बुक केला, कुणी मुलीच्या लग्नाचं सोनं घेऊन ठेवलं, मराठीच्या बाई नवऱ्याला घेऊन चारधामला जाऊन आल्या. मी दोन सीटांची एक जुनी पिवळी स्पोर्ट्‌स कार घेतली.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. तेव्हा माझं वय सेहेचाळीस होतं. गाडी पुण्यातल्या एका डॉक्टरांची. त्यांनी ती हौसेनं परदेशातून आणवली होती आणि आता ते कायमचे मुलाकडं निघाले होते. गाडी जमिनीपासून इतकी खाली की आत बसताना आधी बूड टेकायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. उतरताना साडी असली तर विचारूच नका. मी पहिल्याच आठवड्यात गाडीसाठी वेगळे पंजाबी ड्रेस शिवून घेतले. तिचं इंजिन पुढं नव्हतं, सीटच्या पाठीमागं होतं. त्यामुळं गाडी चालवताना मागून कुणीतरी सतत काहीतरी सांगतंय असं वाटायचं. मला ते फार आवडायचं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात ती दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जेमतेम शिरायची. घराच्या मागं सासऱ्यांच्या काळातलं धान्याचं गोदाम आहे, आता निम्मं रिकामं. तिथं मी ती ठेवायची. आमच्या यजमानांचं पुढं धान्याचंच दुकान. ते गाडीकडं पहिल्या दिवशी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसायला दोन जागा. घरात माणसं तीन." तिसऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. अव्वा अक्कलकोटकडच्या, घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कानडीत विचारलं, उरलेली गाडी कधी येणार?

गाड्यांची भीती मला कधीच नव्हती. माझं माहेर करकंबचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरचं सगळं काम चिंचेखाली स्वतःच करायचे आणि पाने हातात द्यायला मला बसवायचे. दहावीच्या आधीच मला चौदाचा पाना आणि सतराचा पाना न बघता, नुसत्या हातानं ओळखता यायचा. त्यामुळं पुण्याच्या वर्कशॉपमधल्या माणसानं जेव्हा गाडीची सर्व्हिसची वही बघून मान हलवली, तेव्हा मला त्याचं म्हणणं लगेच कळलं.

"मॅडम, टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची नोंदच नाही," तो म्हणाला. "हा रबरी पट्टा. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागेवर बंद, आणि आतले व्हॉल्व्ह वाकले म्हणून समजा. वय झालं की बदलायलाच लागतो, गाडी चालो न चालो."

"मग बदला की."

"तिथंच अडचण आहे. या गाडीत बेल्टला हात पोचत नाही. पूर्ण इंजिन बाहेर काढायला लागतं. आम्ही ते करत नाही. मुंबईला ट्रेलरवरून पाठवा. चारेक महिने धरून चाला."

चार महिने गाडी लांब राहणार, आणि अनोळखी माणसं तिचं पोट उघडणार, हे काही मला पटेना. मी गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं, तीनशे पानं छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली, आणि पेपर तपासायला बसते तशी लाल पेन घेऊन वाचायला बसले. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की यातली एकही पायरी मला न कळणारी नाही. सोडा, खूण करा, बाजूला ठेवा. सोडा, खूण करा, बाजूला ठेवा. एकाच वाक्यापाशी मी अडले. गाडीची मागची बाजू जमिनीपासून एक मीटर वर उचला, असं तिथं लिहिलं होतं. इतक्या सहज, की जणू प्रत्येकाच्या घरी उचलायची सोय असतेच.

आमच्यापासून चौथं घर चाचांचं. चाचांनी चाळीस वर्षं सोलापुरात पॉवरलूम हलवले. एका शेडमधून सोडायचे, दुसऱ्या शेडमध्ये नेऊन बसवायचे. कधी माडीवर, कधी तळघरात, कधी जिन्यातनं. आता वय सत्तरीला आलेलं, काम मुलं बघायची; चाचा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून बोळातनं जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या ड्रायव्हरला सूचना द्यायचे. मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी चित्रं नीट बघितली.

"मॅडम, मेरेकू मोटरगाडीचं काय बी मालूम नै," ते म्हणाले. "पर उचलायचं मालूम हाय. काय उचलायचंय, इंजिन?"

"नाही, तीच तर गंमत आहे. इंजिन खाली ट्रॉलीवर टेकवायचं, त्याला धरून ठेवलेले सगळे बोल्ट काढायचे, आणि वरची गाडी उचलायची. मग इंजिन मागनं बाहेर ओढायचं."

चाचा जोरात हसले. "हौ! म्हंजे माणूस हाय तिथंच बसणार, आपण नुसती टोपी काढायची."

मे महिन्याची सुट्टी लागली, बोर्डाचे पेपर तपासून दिले, आणि आम्ही कामाला लागलो. सोलापुरातला मे. दुपारी पाना उन्हात राहिला तर कापडानं धरावा लागतो. म्हणून पहाटे साडेपाचला सुरू करायचं आणि दहाला बंद, असं ठरलं. चाचा फजरची नमाज पढून थेट गोदामात यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मान वर करून छताचा लोखंडी गर्डर बघितला. त्याच गर्डरला चेनपुली अडकवायची असं मी मनाशी धरून चालले होते. त्यावरून सासऱ्यांनी कितीतरी पोती वर चढवली होती.

"नक्को," चाचा म्हणाले. "ह्यो गर्डर छत धरून हाय. त्याला दुसरं काम देऊ नका."

"पण पोती..."

"पोतं पडलं तर जोंधळा सांडंल. हितं खाली तुमी असणार."

मी गर्डरचा विचार सोडला. त्यांनी मुलांकडून स्वतःचा घोडा आणवला. घोडा म्हणजे जाड पाइपांचे दोन उभे तिकोने आणि त्यांच्यावर टाकलेला आडवा लोखंडी रूळ. लूम उचलून उचलून त्याचा रंग कधीच उडून गेला होता. गाडीच्या मागच्या बाजूला तो उभा करून चाचांनी चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे घातले, आणि प्रत्येक ठोकळ्यावर स्वतः उभं राहून बघितलं.

पाच दिवस मी नुसतं सोडत होते. पेट्रोल काढून गाडीपासून लांब नेऊन ठेवलं, बॅटरी काढली, पाणी आणि ऑइल काढलं. सायलेन्सर, दोन्ही ॲक्सल, गिअरच्या केबली, असंख्य वायरी. प्रत्येक वायरीला मी कागदाची चिठ्ठी बांधली, आणि ज्या वायरी सहज विसरतील असं वाटलं त्यांना वरून लाल दोरा. बोल्टांसाठी फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, त्यावर इंजिनाचं चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथला, त्याच जागी भोक पाडून तो खोचला. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर फोटो. आमचे यजमान दुकान उघडायच्या आधी अर्धा तास येऊन उभे राहायचे आणि "हे परत बसणार ना?" एवढंच विचारायचे. त्यांना चहाचं काम दिल्यावर त्यांची काळजी जरा कमी झाली. आठवड्यातनं एकदा नळाला पाणी यायचा दिवस आला की मात्र सगळं थांबायचं. आधी टाकी, बॅरल, कळशा, मग इंजिन. अव्वांचा तसा नियमच होता.

सहाव्या दिवशी उचलायचं ठरलं. पुढच्या चाकांना लाकडं लावली. मागची चाकं काढलेली, गाडी ठोकळ्यांवर, इंजिन खालून ट्रॉलीवर टेकलेलं. ती धान्याचीच जुनी ट्रॉली होती, तिला चाचांनी वरून सागाच्या फळ्या मारल्या होत्या. गाडीच्या मागच्या सांगाड्याला दोन्हीकडून कापडी पट्टे, पट्टे चेनपुलीच्या हुकात. चाचांनी मला आणि यजमानांना समोर उभं केलं.

"वजन लटकून हाय तोपर्यंत एकच तोंड बोलणार. माझं. कोणी आह नाय, ओह नाय. हात खाली नाय, पाय खाली नाय. मी थांब म्हनलं की थांबायचं. का, ते मागनं विचारायचं."

अव्वा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या कानडीत काहीतरी म्हणायला लागल्या तेवढ्यात चाचांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले. अव्वा गप्प झाल्या. आमच्या घरात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

चेन ओढायला चाचा स्वतः. कट-कट-कट-कट असा एकसारखा आवाज. गाडीचं मागचं अंग सावकाश वर यायला लागलं. आधी बोटभर, मग चार बोटं. मला वाटलं, झालं की! आणि चाचांचा हात थांबला.

"काय तरी धरून हाय," ते म्हणाले.

मी टॉर्च मारून बघितला. मला काही दिसेना. सगळं मोकळं होतं. मी तसं सांगितलं.

"मॅडम, चेन भारी झाली. आत्ता, ह्या दोन कड्यांत. हातात आलं माझ्या."

ते बोलले तसं मी परत वाकून, लांबूनच, ट्रॉलीकडं बघितलं. इंजिनाचा पुढचा डावा कोपरा फळीपासून अर्धा इंच वर उचलला गेला होता. म्हणजे गाडी इंजिनालाही बरोबर घेऊन निघाली होती. आणखी दोन हात वर गेली असती, तर तो कोपरा कधीतरी सुटला असता आणि अख्खं धूड ट्रॉलीवर आपटलं असतं. चाचांनी चेन उलटी सोडून गाडी परत खाली घेतली, ठोकळ्यांवर पूर्ण टेकवली, हलवून बघितली, आणि मगच मला आत हात घालू दिला. पाण्याची एक जाड रबरी नळी होती. तिची क्लिप मी सोडली होती, पण इतक्या वर्षांनी नळीच पाइपाला चिकटून बसली होती. तशीही ती बदलायचीच होती. मी ब्लेडनं कापून टाकली.

दुसऱ्या वेळी चेन शेवटपर्यंत एकाच सुरात वाजली. गाडी वर गेली आणि खाली ट्रॉलीवर इंजिन एकटं राहिलं. काळपट, ऑइलनं माखलेलं, आणि मी मनात धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान. गाडीखाली लोखंडी स्टँड लागल्यावर चाचा नि यजमान दोघांनी ट्रॉली ओढून बाहेर घेतली. अव्वा उठून आल्या, वाकून बघितलं.

"इष्टेना?" एवढंच?

आम्ही तिघंही इतके हसलो की यजमानांच्या हातातल्या बशीतला चहा सांडला. त्या दिवशी त्यांनी दुकान तासभर उशिरा उघडलं.

पुढच्या सकाळी मी बेल्टवरचं झाकण काढलं. बेल्ट तुटलेला नव्हता. पण बोटानं जरा वाकवून बघितला तर दातांच्या मुळाशी बारीक बारीक चिरा, आणि एका जागी आतला दोरा उघडा पडलेला. मी पाना खाली ठेवला. पुण्याच्या वर्कशॉपला दाखवायच्या थोडंच आधी मी आईला शेजारी बसवून करकंबहून याच गाडीतून आणलं होतं. मोकळा रस्ता मिळाल्यावर आई स्वतः म्हणाली होती, "अगं, जरा पळव की." आणि मी पळवली होती. उसाचे ट्रॅक्टर मागं टाकत, अगदी मजेत. चाचांनी बेल्ट हातात घेऊन बघितला आणि माझ्याकडं पाण्याची बाटली सरकवली.

इंजिन बाहेर आहेच तर पाण्याचा पंपही बदलून टाकायचा, असं पुस्तकात होतं आणि ते बरोबरही होतं. पंपाचे सहा बोल्ट होते. पाच निघाले. सहावा हलेना. त्या दिवशी शुक्रवार होता आणि एवढंच राहिलंय म्हणून आम्ही दहानंतरही थांबलो होतो. चाचा जुम्म्याच्या नमाजला निघाले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत त्याला हात नक्को. तेल सोडलंय, पिऊ दे त्याला."

मी अर्धा तास थांबले. खरंच थांबले. मग पाइपाचा एक तुकडा दिसला. पान्याच्या दांडीवर पाइप चढवला की बळ वाढतं, हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवते. चढवला. जोर लावला. कट्‌ करून आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं पान्यात घेऊन मी मागच्या पोत्यावर जाऊन पडले. अर्धा बोल्ट आतच राहिला, इंजिनाच्या बरोबरीनं सपाट.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी त्याच्यावर एक फडकं टाकलं. चाचा आले तेव्हा त्यांना कोकम सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. ते सरबत पीत फडक्याकडं बघत होते.

"काय तुटलं?" त्यांनी विचारलं.

मी फडकं काढलं. मला वाटलं आता ते चिडणार. मी तर अशा गोष्टीसाठी मुलांना वर्गाबाहेर उभं करते. चाचांनी ग्लास खाली ठेवला आणि हसत सुटले.

"मी जवान होतो तवाची गोष्ट. लूमची एक बाजू माझ्या हातनं निसटली. शेठनं नवीन शहाबादी फरशी घातलेली, तीन फरश्या फुटल्या. मी काय केलं माहिताय? वर चटई टाकली. वर लूम उभा केला. शेठला दोन महिन्यांनी कळालं."

"मग?"

"मग काय, फरशी बसवायला बी शिकलो."

पण तुटलेला बोल्ट काढणं आम्हा दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. ड्रिल घालावं तर इंजिन ॲल्युमिनियमचं, जरा तिरकं गेलं की कायमचं भोक. मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. शहराच्या पूर्व भागातली, विणकर घरातली. घरी तेलुगू बोलणारी, वर्गात अजिबात न बोलणारी. आता ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होती, हे मला तिच्या वर्गमैत्रिणीकडून कळलं होतं. नंबर मिळवून मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मॅडम, रविवारी येते. तोवर कुणी हात लावू नका." हे वाक्य एका आठवड्यात मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळत होतं.

रविवारी सकाळी ती स्कूटरवर आली, पायांपाशी छोटं वेल्डिंग मशीन ठेवून. वाकून बघितलं, नखानं चाचपलं. आजूबाजूचं सगळं ऑइल पुसायला लावलं, ऑइलची फडकी बाहेर टाकायला लावली. मग तुटक्या बोल्टावर तिनं एक नट ठेवला. नटाच्या भोकातून वेल्ड करायचं, म्हणजे बोल्टाला नवीन डोकं येतं, आणि तापल्यामुळं त्याची पकडही सैल होते.

"मॅडम, तोंड फिरवा. डोळ्याला लागेल."

मी तोंड फिरवलं. चर्र झालं, जळका वास आला. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग पाना लावून अगदी हळू, थोडं पुढं, थोडं मागं. वेल्ड सुटून नट हातात आला. तिनं दुसरा ठेवला. तोही निघाला. मी म्हणाले, "जाऊ दे गं, इतका त्रास..." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसरा नट ठेवला.

वेल्ड निवत होतं तेव्हा मी विचारलं, "तुझं जर्नल मी एकदा फाडलं होतं ना गं?"

"दोनदा, मॅडम."

"राग आला होता?"

"लई," ती म्हणाली, आणि मग हसली. "मी घरी जाऊन तुमचं नाव लूमच्या लाकडावर खिळ्यानं कोरलं होतं. अजून आहे ते."

तिसऱ्या वेळी पान्याबरोबर बोल्टही कुरकुरला. थोडा पुढं, थोडा मागं, थोडा पुढं. आणि मग शाळकरी पोरासारखा निमूट बाहेर आला. चाचांनी टाळी वाजवली. अव्वांनी तिला आत नेलं, शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दही वाढलं, आणि दोघी निम्मं मराठीत आणि निम्मं एकमेकींना न कळणाऱ्या आपापल्या भाषेत बोलत तासभर बसल्या. जाताना मी तिला म्हणाले की ते जर्नल मी फाडायला नको होतं. ती म्हणाली, "दुसऱ्यांदाचं बरोबर होतं, मॅडम. पहिल्यांदाचं नव्हतं."

नवीन बेल्ट, पंप, नळ्या, पॅकिंगं असं सगळं कुरिअरनं आलं आणि आम्ही उलट्या दिशेनं निघालो. बेल्टच्या खुणा जुळवून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं, खुणा परत जुळतात का बघितलं. जुळल्या. तरी परत फिरवलं. पुठ्ठ्यावरचे बोल्ट एकेक कमी होत गेले. इंजिन आत गेलं तेव्हा चाचांनी चेन इतकी सावकाश सोडली की मधे यजमान दुकानात जाऊन गिऱ्हाइकाला तूरडाळ देऊन आले.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला मी चावी फिरवली. टक्‌. एवढंच. परत फिरवली. टक्‌.

सगळे चाचांच्या तोंडाकडं बघायला लागले. ओझं लटकलेलं नसतानाही. मी बॅटरी तपासली, ती भरलेली होती. फ्यूज बघितले. पुस्तकाची पानं उलटी-पालटी केली. घामानं पानं चिकटायला लागली. तासाभरानं मी आप्पांना फोन लावला. लावताना उगाचच दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

"नुसतं टक्‌ म्हणतंय," मी म्हणाले.

"अर्थिंग बघितली का? इंजिनापासनं बॉडीला जाणारी वायर?"

"लावली असणार की, आप्पा."

"असणार न्हाय म्हनायचं. बघायचं. आपल्या ट्रॅक्टरला बी दोनदा आसंच झालतं. जा, बघ. फोन चालू ठिव."

मी फोन चाचांच्या हातात दिला आणि खाली शिरले. इंजिनाच्या मागं, जिथं हात गेला तर गेला अशा जागी, ती जाड वायर नुसती लोंबत होती. तिला चिठ्ठी होती. लाल दोराही होता, मीच बांधलेला. वर चाचा आणि आप्पा, आयुष्यात कधी न भेटलेली दोन माणसं, गुडघ्यावर कुठलं तेल चांगलं यावर बोलायला लागली होती.

वायर लावली. चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, आणि सुरू झालं. गोदामातले पारवे एकदम फडफडून उडाले, अव्वांनी कानावर हात ठेवले, यजमान "बास, बास, झालं!" म्हणत हात हलवायला लागले. मी बंद केलं नाही. चाचा मागं गेले आणि गाडीच्या मागच्या झाकणावर तळहात टेकवून, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. मग मान डोलावली. फोनवर आप्पा ओरडून विचारत होते, "लागली का? लागली का गं?" त्यांना इंजिनाच्या आवाजातच उत्तर मिळालं असावं, कारण मग तेही गप्प बसून ऐकत राहिले.

दोन दिवस बोळातल्या बोळात आणि पेठेतल्या पेठेत चालवून, पाणी-ऑइल गळतंय का बघून, तिसऱ्या सकाळी मी चाचांना घेऊन अक्कलकोट रस्त्याला निघाले. त्यांना आत बसवताना यजमानांनी एका हाताला धरलं, मी दुसऱ्या. बसल्यावर ते खिडकीतनं बाहेर बघून म्हणाले, "मॅडम, हे तर रस्त्यावरच बसल्यावानी वाटतंय." शहर मागं पडल्यावर मी जरा वेग वाढवला. चाचांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. मी कमी करू का विचारलं. "नक्को," ते म्हणाले. "हात ठेवायला जागा नाय म्हणून धरलंय."

थोडं पुढं एका टपरीपाशी आम्ही चहाला थांबलो. मिनिटभरात गाडीभोवती माणसं जमली. दोन दूधवाले, एक ट्रकचा ड्रायव्हर, शेतात निघालेलं एक जोडपं. कुणीतरी विचारलं, इंजिन कुठाय हिचं? मी सांगायला तोंड उघडलं, पण चाचा चहाचा ग्लास घेऊन पुढं झाले होते.

"इंजिन मागं हाय," ते म्हणाले. "आमीच काढलं, आमीच बसवलं. घरी. आत एक बेल्ट असतो. तो बेल्ट चाकांना फिरवतो. तो जुना झाला की गाडी मागं मागं ओढती."

बेल्ट चाकांना फिरवत नाही. गाडी मागं ओढत नाही. ट्रकच्या ड्रायव्हरला ते माहीत असावं. त्यानं माझ्याकडं बघून एक भुवई वर केली. मी चहाचा दुसरा ग्लास सांगितला आणि बाकावर टेकले. चाचा आता मागच्या झाकणाशी उभे राहून, दोन्ही हात पसरून, चेन कशी ओढायची ते दाखवत होते, आणि दोघंही दूधवाले किटल्या खाली ठेवून मन लावून ऐकत होते.